एच.एम.एस. मॅग्डाला

एच.एम.एस. मॅग्डाला ही मुंबई बंदराच्या संरक्षणासाठी बांधलेली चिलखती युद्धनौका होती. हिंदुस्थान सरकारच्या मागणीवरून लंडनमधील थेम्स आयर्नवर्क्स या कारखान्याने ती बांधली. २ मार्च १८७० रोजी तिचे जलावतरण झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात ती पूर्ण झाली. १८७०-७१ च्या हिवाळ्यात ती मुंबईस रवाना झाली. त्यानंतर १९०३ मध्ये भंगारात विकली जाईपर्यंत तिची सर्व सेवा मुंबई बंदरातच झाली. या तीन दशकांत तिच्यावर युद्धप्रसंग एकदाही आला नाही. ॲबिसिनिया ही तिच्याहून किंचित लहान नौका याच कामासाठी तिच्याबरोबर मुंबईत तैनात होती.

१८६३ मध्ये हिंदुस्थानचे स्वतंत्र लढाऊ नौदल बरखास्त झाल्यानंतर देशाच्या सर्वांत महत्त्वाच्या बंदराचे रक्षण कोणी करावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न निर्माण झाला. मॅग्डाला हे त्या प्रश्नाला दिलेले एक उत्तर होते. तिचा इतिहास त्यामुळे एका नौकेपुरता न राहता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मुंबईच्या सागरी संरक्षणाचा इतिहास ठरतो.

संक्षिप्त माहिती

प्रकार: किनारा संरक्षक चिलखती नौका (मॉनिटर)
रचनाकार: सर एडवर्ड रीड
बांधणी: थेम्स आयर्नवर्क्स, लंडन
पायाभरणी: ६ ऑक्टोबर १८६८
जलावतरण: २ मार्च १८७०
बांधणी पूर्ण: नोव्हेंबर १८७०
बांधणीचा खर्च: १,३२,४०० पौंड
विस्थापन: ३,३४० टन
लांबी: २२५ फूट (६८.६ मीटर)
रुंदी: ४५ फूट (१३.७ मीटर)
पाण्याखालील खोली: १५ फूट ४ इंच (४.७ मीटर)
वेग: १०.६ नॉट (ताशी सुमारे १९.६ किलोमीटर)
कर्मचारी: सुमारे १५५
मूळ शस्त्रे: १० इंची ४ तोफा
तैनाती: मुंबई बंदर
सेवेचा शेवट: १९०३ मध्ये भंगारात विक्री

पार्श्वभूमी

भारतीय नौदलाचे विसर्जन

ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबई येथील आरमार प्रथम 'बॉम्बे मरीन' या नावाने ओळखले जाई. १८३० मध्ये त्याचे नाव 'इंडियन नेव्ही' असे झाले. इराणचे आखात, तांबडा समुद्र, ब्रह्मदेश आणि चीन येथील मोहिमांत या आरमाराने भाग घेतला होता, तसेच किनाऱ्यांचे सर्वेक्षणही केले होते. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचा कारभार ब्रिटिश राजसत्तेकडे गेला आणि ३० एप्रिल १८६३ रोजी हे आरमार बरखास्त करण्यात आले. सागरी संरक्षणाची जबाबदारी ब्रिटिश शाही नौदलाकडे सोपवण्यात आली. मुंबईत केवळ वाहतूक, सर्वेक्षण आणि बंदरविषयक कामे करणारी बिनलढाऊ सेवा उरली, आणि तिला पुन्हा 'बॉम्बे मरीन' हेच जुने नाव मिळाले.

बरखास्त झालेल्या आरमारातील काही उत्तम नौका विकल्या गेल्या. १८५४ मध्ये मुंबईच्या गोदीत सागवानी लाकडाने बांधलेल्या 'पंजाब' आणि 'असई' या दोन वाफेच्या लढाऊ नौका लंडनमधील जहाजमालक जॉन विलिस याने विकत घेतल्या. त्याने असई नफ्यावर पुन्हा विकून टाकली. १८६५ मध्ये ती आयर्लंडच्या किनाऱ्यावर फुटली. 'पंजाब'मधील इंजिने काढून विलिसने तिचे शिडाच्या जहाजात रूपांतर केले आणि तिला 'द ट्वीड' हे नाव दिले. वेगासाठी हे जहाज पुढे नावाजले गेले.

शाही नौदलाचा पूर्वेकडील ताफा विस्तीर्ण समुद्रावर पसरलेला असे. युद्धप्रसंगी तो मुंबईजवळ असेलच याची शाश्वती नव्हती. त्यामुळे बंदर सोडून जाणार नाही अशा स्वतंत्र संरक्षक नौकांची गरज भासू लागली.

मुंबई बंदराचे वाढते महत्त्व

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) इंग्लंडमधील गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला आणि हिंदुस्थानी कापसाची मागणी एकाएकी वाढली. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरात येथील कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलला जाऊ लागला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि १८६५ मध्ये मुंबईतील सट्टेबाजीचा फुगा फुटला. तथापि बंदराचे महत्त्व कमी झाले नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग अकोला आणि बडनेरा या स्थानकांवरून १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. खामगावच्या कापूस बाजारपेठेला मुख्य मार्गाशी जोडणाऱ्या फाट्याचे उद्घाटन गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते मार्च १८७० मध्ये झाले. त्याच महिन्यात लंडनमध्ये मॅग्डाला पाण्यात उतरली.

नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्याने युरोप आणि मुंबई यांमधील सागरी अंतर बरेच कमी झाले. १८७२ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ होती. शहराची गोदामे, गिरण्या, सरकारी गोदी आणि लोहमार्गाचे अखेरचे स्थानक ही सर्व समुद्राला लागून किंवा समुद्रापासून थोड्याच अंतरावर होती. शत्रूची एखादी वेगवान युद्धनौका बंदराच्या तोंडाशी आली, तर शहरावर तोफा डागून खंडणी मागू शकेल, ही भीती त्या काळातील संरक्षणविषयक चर्चेत वारंवार व्यक्त होत असे.

नामकरण

मॅग्डाला हे इथिओपियातील (तत्कालीन ॲबिसिनिया) एका डोंगरी किल्ल्याचे नाव आहे. सम्राट थिओडोर दुसरा (तेवोद्रोस) याने ब्रिटिश वकील आणि इतर युरोपीय व्यक्तींना कैदेत ठेवल्यामुळे १८६७ मध्ये त्याच्याविरुद्ध मोहीम काढण्यात आली. तिचे नेतृत्व मुंबई सैन्याचे सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर यांच्याकडे होते आणि मोहिमेची तयारी मुख्यतः मुंबईतच झाली. सुमारे १३,००० सैनिक, हजारो मजूर व ओझ्याची जनावरे आणि ४४ हत्ती समुद्रमार्गे तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील झुला येथे उतरवण्यात आले. १० एप्रिल १८६८ रोजी आरोगे येथे लढाई झाली आणि १३ एप्रिल रोजी मॅग्डालाचा किल्ला घेण्यात आला. सम्राटाने पकडले जाण्यापूर्वी आत्महत्या केली. किल्ल्यातील हस्तलिखिते आणि मौल्यवान वस्तू लुटल्या गेल्या व त्यांपैकी अनेक इंग्लंडला नेण्यात आल्या. नेपियर यांना 'बॅरन नेपियर ऑफ मॅग्डाला' हा किताब मिळाला.

मोहीम संपल्यानंतर काही महिन्यांतच मुंबईसाठीच्या दोन्ही नौकांचे काम सुरू झाले. त्यांना 'ॲबिसिनिया' आणि 'मॅग्डाला' ही नावे देऊन मुंबई सैन्याच्या या मोहिमेची स्मृती जपण्यात आली. या मोहिमेतील हिंदुस्थानी पलटणींच्या नेहमीच्या वेतनाचा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकण्यात आला होता. ज्या युद्धाशी हिंदुस्थानचा संबंध नव्हता त्याचा खर्च हिंदुस्थानने का द्यावा, हा आक्षेप त्याच वेळी घेतला गेला आणि पुढील अनेक वर्षे तो कायम राहिला.

रचना

सर्वसाधारण आराखडा

मॅग्डालाचा आराखडा शाही नौदलाचे मुख्य नौकारचनाकार सर एडवर्ड रीड यांनी तयार केला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीसाठी, म्हणजे मेलबर्न बंदराच्या रक्षणासाठी, त्यांनी 'सर्बेरस' ही नौका आखली होती. मॅग्डाला बहुतांशी तिचीच प्रतिकृती होती. दोन्ही नौकांची लांबी आणि रुंदी सारखीच होती.

अमेरिकन यादवी युद्धात प्रसिद्धीस आलेल्या 'मॉनिटर' प्रकारच्या नौकांचे डेक पाण्याच्या पातळीपेक्षा अगदी थोडे उंच असे. यामुळे शत्रूला लक्ष्य लहान मिळे आणि चिलखतही कमी लागे. परंतु थोड्या लाटा उठल्या तरी पाणी तोफांच्या बुरुजांत आणि खाली उतरण्याच्या वाटांतून आत शिरे. रीड यांनी या उणिवेवर उपाय शोधला. त्यांनी नौकेच्या मध्यभागी डेकवर एक चिलखती तटबंदी उभारली. तोफांचे फिरते बुरूज, धुराडे, हवा आत घेण्याच्या वाटा आणि खाली जाण्याचे दरवाजे या तटबंदीच्या आत किंवा तिच्या माथ्यावर आल्यामुळे ते पाण्यापासून उंच आणि सुरक्षित राहिले. अशा नौकांना 'ब्रेस्टवर्क मॉनिटर' असे म्हटले जाते. दोन बुरुजांपैकी एक तटबंदीच्या पुढील आणि दुसरा मागील टोकास होता.

या नौकेला कायमच्या शिडांची व्यवस्था नव्हती. त्या काळातील बहुतेक मोठ्या युद्धनौका वाफेच्या इंजिनांबरोबर शिडेही बाळगत. डोलकाठ्या आणि दोरखंड नसल्याने मॅग्डालाच्या तोफांना जवळजवळ सर्व दिशांना मारा करता येई. मात्र त्यामुळे तिला सर्वस्वी कोळशावर अवलंबून राहावे लागे आणि किनाऱ्यापासून फार दूर जाणे तिच्यासाठी व्यवहार्य नव्हते. दोन वाफेची इंजिने दोन पंखे फिरवत. चाचणीत तिने १०.६ नॉट वेग गाठला.

चिलखत

नौकेच्या बाजूंवर पाण्याच्या रेषेवर घडीव लोखंडाचा पट्टा होता. त्याची जाडी मध्यभागी ८ इंच (२०३ मिलिमीटर) आणि दोन्ही टोकांना ६ इंच (१५२ मिलिमीटर) होती. मधल्या तटबंदीचे चिलखत ८ ते ९ इंच जाड होते. फिरत्या बुरुजांच्या दर्शनी भागावर १० इंच (२५४ मिलिमीटर) जाडीचे लोखंड होते. या सर्व लोखंडी पत्र्यांच्या मागे ९ ते ११ इंच जाडीचा सागवानी लाकडाचा थर होता. गोळा आदळल्यावर बसणारा धक्का शोषून घेणे आणि चिलखताचे तुकडे आत उडू न देणे, हे या लाकडाचे काम होते. डेकवरील चिलखत दीड इंच जाड होते.

शस्त्रास्त्रे

प्रत्येक बुरुजात दोन, याप्रमाणे १० इंच व्यासाच्या एकूण चार तोफा होत्या. एका तोफेचे वजन १८ टन होते आणि तिच्या गोळ्याचे वजन सुमारे ४०० पौंड (१८० किलोग्रॅम) भरे. या तोफांत दारू आणि गोळा नळीच्या तोंडाकडून भरावा लागे, तथापि नळीच्या आत पेच कोरलेले असल्याने गोळा फिरत जाई आणि नेम अधिक अचूक लागे. १८७० च्या सुमारास समुद्रावर असलेल्या बहुतेक चिलखती नौकांचे चिलखत या तोफा जवळच्या पल्ल्यावरून भेदू शकत होत्या.

ॲबिसिनियाशी तुलना

सहकारी नौका ॲबिसिनिया ही लंडनमधील डजन यांच्या कारखान्यात बांधली गेली. तिचे जलावतरण १९ फेब्रुवारी १८७० रोजी झाले आणि ऑक्टोबर १८७० मध्ये ती पूर्ण झाली. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी तिचा आराखडा थोडा लहान करण्यात आला होता. तिचे विस्थापन २,९०१ टन आणि रुंदी ४२ फूट होती. तिच्या चिलखती पट्ट्याची कमाल जाडी ७ इंच आणि वेग सुमारे साडेनऊ नॉट होता. तिच्या बांधणीस १,१६,५४९ पौंड खर्च आला. दोन्ही नौकांवरील मुख्य तोफा मात्र सारख्याच होत्या.

मुंबईकडे प्रवास

कमी उंचीच्या डेकची नौका खुल्या महासागरातून नेणे धोक्याचे मानले जाई. मॅग्डाला पूर्ण होण्याच्या दोन महिने आधी, ७ सप्टेंबर १८७० रोजी, 'कॅप्टन' ही फिरत्या बुरुजांची ब्रिटिश युद्धनौका स्पेनच्या फिनिस्टेअर भूशिराजवळ वादळात उलटून बुडाली. तिचे डेक पाण्यापासून फारच कमी उंचीवर होते आणि त्यावर पूर्ण शिडांचा भार होता. या दुर्घटनेत नौकेचे पुरस्कर्ते काउपर कोल्स यांच्यासह सुमारे ४८० जण मृत्युमुखी पडले. कॅप्टनच्या रचनेबद्दल रीड यांनी आधीच शंका व्यक्त केल्या होत्या.

अशा वातावरणात मॅग्डालावर प्रवासापुरत्या तीन तात्पुरत्या डोलकाठ्या उभारण्यात आल्या आणि १८७०-७१ च्या हिवाळ्यात ती मुंबईकडे निघाली. ॲबिसिनियाने हाच प्रवास शिडांशिवाय पार पाडला. दोन्ही नौका मुंबईस सुखरूप पोहोचल्या. त्यांच्यासारखीच सर्बेरस सुएझ कालव्यातून पुढे जाऊन एप्रिल १८७१ मध्ये मेलबर्नला पोहोचली.

मुंबईतील सेवा

बंदररक्षक नौका

मुंबईत आल्यानंतर मॅग्डालाने बंदर क्वचितच सोडले. तोफांचा सराव आणि अल्प अंतराच्या फेऱ्या एवढ्यापुरतीच ती बाहेर पडे. बंदराच्या तोंडाशी तरंगत्या किल्ल्याप्रमाणे उभे राहून किनाऱ्यावरील तोफखान्यांना साथ देणे, हे तिचे नेमून दिलेले काम होते. मुंबईचे बंदर विस्तीर्ण असून त्याच्या प्रवेशमार्गाची रुंदीही मोठी आहे. त्या काळातील केवळ किनारी तोफांनी हा मार्ग पूर्णपणे रोखता येत नसे. हलवता येण्याजोग्या आणि चिलखताने सुरक्षित केलेल्या आठ जड तोफा, म्हणजे दोन्ही नौकांवरील प्रत्येकी चार, ही उणीव भरून काढण्यासाठी होत्या.

रचनेमुळे तिच्या हालचालींवर मर्यादा होत्या. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात कोकण किनाऱ्याबाहेरील समुद्र खवळलेला असतो. कमी उंचीच्या डेकमुळे अशा समुद्रात मॅग्डालाकडून लढण्याची अपेक्षा ठेवता येत नव्हती. दहा नॉटच्या आसपासच्या वेगामुळे पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग करणेही तिला शक्य नव्हते. शत्रू बंदरावर चालून आला तरच ती उपयोगी पडणार होती. कोकण किनाऱ्यावरील इतर बंदरे किंवा समुद्रावरील व्यापारी जहाजे यांचे रक्षण तिच्या आवाक्याबाहेर होते.

तिच्या सेवाकाळात बंदराचे रूप बदलत गेले. १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक खुले झाले. १८७७ मध्ये सरकारी सागरी सेवेची पुनर्रचना होऊन मुंबई आणि कलकत्ता अशा दोन विभागांची 'इंडियन मरीन' अस्तित्वात आली.

रशियन भीती

१८७७-७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धाच्या वेळी ब्रिटन आणि रशिया यांच्यात युद्ध भडकण्याची चिन्हे होती. १८७८ मध्ये मुंबईहून हिंदुस्थानी सैन्याची तुकडी माल्टा बेटावर पाठवण्यात आली. मार्च १८८५ मध्ये अफगाणिस्तानच्या सीमेवरील पंजदेह येथे रशियन आणि अफगाण सैन्यात चकमक झाली आणि युद्धाची भीती पुन्हा बळावली. रशियन नौका अचानक येऊन हिंदुस्थानातील बंदरांवर मारा करतील, ही शक्यता या दोन्ही वेळी गांभीर्याने विचारात घेतली गेली. युद्ध टळले, परंतु १८८५ नंतर मुंबईच्या संरक्षणावरील खर्च वाढला. किनाऱ्यावरील आणि बंदरातील खडकांवरील तोफखाने सुधारण्यात आले आणि टॉर्पेडो नौका मागवण्यात आल्या.

पुनर्शस्त्रीकरण

मॅग्डाला सेवेत आली तेव्हा तिच्या तोफा आधुनिक होत्या. पुढील दहा वर्षांत त्या जुन्या ठरल्या. २ जानेवारी १८७९ रोजी 'थंडरर' या ब्रिटिश युद्धनौकेवरील एका तोफेत नजरचुकीने दोनदा दारूगोळा भरला गेला. तोफ फुटून ११ जण ठार झाले. तोंडाकडून भरण्याच्या तोफेत ती आधीच भरलेली आहे की नाही हे सहज कळत नसे. या अपघातानंतर मागील बाजूने भरण्याच्या तोफांकडे ब्रिटिश नौदलाचा कल वाढला. मंद जळणाऱ्या नव्या दारूसाठी लांब नळी लागत असे, आणि लांब नळीची तोफ फिरत्या बुरुजाच्या आत राहून तोंडाकडून भरणे अवघड होते, हेही या बदलाचे एक कारण होते.

१८९२ मध्ये मॅग्डालावरील १० इंची तोफा काढून त्यांच्या जागी मागून भरण्याच्या ८ इंची चार तोफा बसवण्यात आल्या. नवा गोळा वजनाने जुन्या गोळ्याच्या सुमारे निम्मा होता, परंतु भरणे अधिक सुरक्षित आणि जलद झाले. चिलखत मात्र जुनेच राहिले. दरम्यान इतरत्र घडीव लोखंडाची जागा पोलादी चिलखताने घेतली होती.

टॉर्पेडो नौका आणि गनबोटी

१८८० च्या दशकाच्या अखेरीस बंदर संरक्षणाची कल्पनाच बदलू लागली होती. स्वयंचलित टॉर्पेडोमुळे लहान आणि स्वस्त नौकेलाही मोठी युद्धनौका बुडवणे शक्य झाले. हिंदुस्थानासाठी सात टॉर्पेडो नौका बांधण्यात आल्या. बलुच, गुरखा, करेन, पठाण, मराठा, शीख आणि राजपूत अशी त्यांची नावे होती. ब्रिटिश लष्करी परिभाषेत 'लढवय्या' मानल्या गेलेल्या समाजांवरून ती ठेवलेली होती.

याच वेळी 'प्लासी' आणि 'असई' या दोन टॉर्पेडो गनबोटी इंग्लंडमधील एल्सविक येथील आर्मस्ट्राँग यांच्या कारखान्यात बांधण्यात आल्या. दोन्हींचे जलावतरण १८९० मध्ये झाले. त्या शार्पशूटर वर्गातील होत्या. सुमारे ७३५ टन विस्थापनाच्या या नौकांवर ४.७ इंची दोन जलद माऱ्याच्या तोफा, काही लहान तोफा आणि टॉर्पेडो सोडण्याच्या नळ्या होत्या. शत्रूच्या टॉर्पेडो नौकांना गाठून नष्ट करणे हा अशा गनबोटींचा मूळ हेतू होता. प्रत्यक्षात या वर्गातील नौकांचे बाष्पक त्रासदायक ठरले आणि त्यांचा वेग टॉर्पेडो नौकांना गाठण्यास अपुरा पडला. १८९३ पासून ब्रिटिश नौदलात आलेल्या वेगवान विनाशिकांनी त्यांची जागा घेतली.

या गनबोटींची नावे इंग्रजांनी हिंदुस्थानात जिंकलेल्या लढायांवरून ठेवलेली होती. असई हे गाव आजच्या जालना जिल्ह्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या एकत्रित सैन्याचा पराभव केला होता. त्याच मोहिमेचा पुढील भाग वऱ्हाडात घडला. २९ नोव्हेंबर रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे लढाई झाली आणि १५ डिसेंबर रोजी अमरावती जिल्ह्यातील गाविलगड इंग्रजांच्या हाती पडला. विसर्जित आरमारातील १८५४ च्या नौकेलाही असई हेच नाव होते, हे वर आलेच आहे. अशा प्रकारे मुंबईचे रक्षण करणाऱ्या नौकांच्या ताफ्यात मराठ्यांच्या पराभवाची आठवण देणारी 'असई' आणि त्यांच्या लढाऊपणाचा गौरव करणारी 'मराठा' या दोन्ही नौका एकत्र होत्या.

१८९२ मध्ये इंडियन मरीनला 'रॉयल इंडियन मरीन' हे नाव मिळाले. त्या सुमारास मॅग्डाला, ॲबिसिनिया, दोन गनबोटी आणि सात टॉर्पेडो नौका मिळून मुंबईच्या सागरी संरक्षणाचा ताफा पूर्ण झाला.

खर्चाचा प्रश्न

दोन्ही चिलखती नौकांच्या बांधणीस मिळून सुमारे अडीच लाख पौंड लागले. याशिवाय शाही नौदलाच्या पूर्वेकडील ताफ्यासाठी हिंदुस्थानच्या महसुलातून ब्रिटनला वार्षिक रक्कम दिली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही रक्कम वर्षाला एक लाख पौंड होती. म्हणजे स्वतःचे लढाऊ नौदल नसलेला देश दुसऱ्याच्या नौदलासाठी वर्गणी देत होता आणि मुख्य बंदराच्या रक्षणासाठी नौकाही स्वतःच्या खर्चाने ठेवत होता. या नौका कोणत्या असाव्यात आणि त्यांच्यावर किती खर्च व्हावा, हे ठरवण्यात हिंदी करदात्यांच्या प्रतिनिधींना स्थान नव्हते.

ब्रिटन आणि हिंदुस्थान यांच्यातील खर्चाच्या वाटणीचा विचार करण्यासाठी १८९५ मध्ये लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली राजकीय आयोग नेमण्यात आला. दादाभाई नौरोजी हे त्याचे सदस्य होते. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले आणि दिनशा वाच्छा यांनी लंडनमध्ये आयोगापुढे साक्षी दिल्या आणि वाढत्या लष्करी खर्चाचा भार हिंदुस्थानवर अन्यायाने पडत असल्याचे प्रतिपादन केले. १९०० मध्ये सादर झालेल्या अहवालात आयोगाने काही बाबींचा भार ब्रिटनने उचलावा अशी शिफारस केली. ही सवलत अपुरी वाटल्याने दादाभाई नौरोजी, विल्यम वेडरबर्न आणि विल्यम केन यांनी आपले मत स्वतंत्रपणे नोंदवले.

निवृत्ती

शतकाच्या अखेरीस मॅग्डाला सर्वच बाबतींत मागे पडली होती. तिचे लोखंडी चिलखत नव्या तोफांच्या माऱ्यापुढे टिकणारे नव्हते आणि तिचा वेग तत्कालीन क्रूझर नौकांच्या निम्म्याच्या आसपास होता. बंदराच्या संरक्षणासाठी लांब पल्ल्याच्या किनारी तोफा आणि पाणसुरुंग अधिक भरवशाचे व कमी खर्चाचे मानले जाऊ लागले. खुल्या समुद्रावर प्रबळ ताफा ठेवला की बंदरे आपोआप सुरक्षित राहतात, हा विचारही ब्रिटिश नौदलात रुजला होता. हिंदुस्थानच्या टॉर्पेडो नौका शाही नौदलाकडे देण्यात आल्या; त्यांची नावे जाऊन त्यांना १०० ते १०६ हे क्रमांक मिळाले. १९०३ मध्ये मॅग्डाला आणि ॲबिसिनिया या दोन्ही नौका भंगारात विकण्यात आल्या. प्लासी आणि असई या गनबोटीही त्यानंतर थोड्याच काळात सेवेतून गेल्या.

यानंतर हिंदुस्थानला लढाऊ नौदल मिळण्यास आणखी तीन दशके लागली. १९३४ मध्ये रॉयल इंडियन मरीनचे रूपांतर 'रॉयल इंडियन नेव्ही'मध्ये झाले आणि मुंबई हेच तिचे प्रमुख केंद्र राहिले.

मूल्यमापन

मॅग्डाला ही तिच्या काळातील प्रगत रचनेची नौका होती. शिडांचा पूर्ण त्याग, मध्यभागी उंच चिलखती भाग आणि त्याच्या पुढे-मागे फिरते बुरूज, ही सर्बेरस वर्गात प्रथम आलेली मांडणी पुढील मोठ्या युद्धनौकांच्या रचनेस मार्गदर्शक ठरली. रीड यांनी आखलेली आणि १८७३ मध्ये पूर्ण झालेली 'डेव्हास्टेशन' ही समुद्रगामी युद्धनौका याच कल्पनेचा विस्तार होती.

तिच्या उपयुक्ततेविषयी मात्र दोन्ही बाजूंनी विचार करता येतो. तिच्या सेवाकाळात मुंबईवर एकदाही हल्ला झाला नाही. पहिली दहा-पंधरा वर्षे बंदरावर चालून येणाऱ्या एकट्यादुकट्या नौकेला रोखण्यास ती समर्थ होती आणि तिचे अस्तित्व हाच एक प्रकारचा धाक होता. त्यानंतर तंत्रज्ञान इतक्या वेगाने पुढे गेले की १८९२ च्या नव्या तोफांनीही तिची उणीव भरून निघाली नाही. केवळ बंदरापुरते संरक्षण आणि समुद्रावर स्वतःचे काहीच नाही, ही १८६३ नंतरची व्यवस्था कितपत पुरेशी होती, हा प्रश्न तिच्या इतिहासातून पुढे येतो.

अवशेष

मॅग्डाला आणि ॲबिसिनिया यांपैकी एकही नौका आज अस्तित्वात नाही. मात्र तिच्याच आराखड्याची सर्बेरस १९२६ मध्ये मेलबर्नजवळील हाफ मून बे येथे लाटांना अडवण्यासाठी उथळ पाण्यात बुडवून ठेवण्यात आली. १९९३ मध्ये तिचा सांगाडा मोठ्या प्रमाणावर खचला, तरी तिचे फिरते बुरूज आणि तटबंदीचा भाग पाण्याबाहेर दिसतो. मॅग्डाला कशी दिसत असावी, याची कल्पना आज या अवशेषांवरूनच येते.

हे सुद्धा पहा

रॉयल इंडियन मरीन
मुंबई बंदर
ॲबिसिनियाची मोहीम (१८६७-६८)
असईची लढाई
वेल्बी आयोग